खोट्या म्हणविल्या जाणाऱ्या कळा

गर्भारपणाच्या उत्तरार्धांत केव्हां केव्हां पोट एकाएकीं दगडासारखें घट्ट होतें, अर्धें-एक मिनिट तसेंच राहतें आणि मग आपोआप सैल पडतें. हा अनुभव आमच्या वाचक भगिनींपैकीं अनेकींना आला असेल. कांहींना येऊनही तो ओळखतां आला नसेल. आणि कांहींना तो कधीं जाणवलाच नसेल. घरोघर यांस 'खोट्या कळा' असें म्हणतात. या तिन्ही प्रकारच्या स्त्रिया एकाच घरांत, एकाच स्वयंपाकघरांत वावरत असल्या म्हणजे काय होतें, हें आम्हीं स्वतःच्या घरीं पाहिलें. त्यांत आमच्या हातून जी चूक झाली ती इतर घरांत होऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

सन २०२३ च्या भाद्रपदांतील गोष्ट. आमच्या धाकट्या सूनबाईला एकतीस आठवडे पुरे झाले होते. गर्भिणीनें हरितालिकेचा निर्जळी उपवास करण्याचें कारण नाहीं, असें आम्हीं तिला सांगितलें होतें. परंतु सांगणें एक आणि लक्ष ठेवणें दुसरें. तिनें हौसेनें उपवास धरला आणि दिवसभर पाण्याचा थेंबही घेतला नाहीं, हें आम्हांस रात्रीं कळलें. दहाच्या सुमारास तिचें पोट वारंवार घट्ट होऊं लागलें. चिरंजीव घाबरले आणि तिला घेऊन रुग्णालयांत गेले. तेथें डॉक्टरीणबाईंनीं पोटावर पट्टा बांधून यंत्रावर आकुंचनांची व बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली, गर्भाशयाचें मुख बंद असल्याची खात्री करून घेतली आणि तिला भरपूर पाणी पाजलें. दोन तासांत सर्व शांत झालें, आणि पहाटे दोघें घरीं परतलीं.

चार दिवसांनीं गौरीजेवणास गोतावळा जमला, तेव्हां हा प्रसंग थट्टेचा विषय झाला. आमच्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या; त्यांचीं सहा बाळंतपणें झालेलीं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें बाई!" थोरली सून म्हणाली, "मला तर दुसऱ्या खेपेस पांचव्या महिन्यापासून रोज संध्याकाळीं पोट घट्ट व्हायचें. त्यासाठीं का कोणी रुग्णालय गांठतें?" आमच्या मुलीला वाटे, की बाळच पाठ वर काढून बसतें आहे. आणि आम्ही? "आपल्या घरच्या बायका दुखणें अंगावर काढणाऱ्या हो," असें म्हणून आम्हीही सर्वांबरोबर हसलों. धाकटी सूनबाईही हसली. त्या हसण्याचा परिणाम काय झाला तें पुढें सांगूं. तत्पूर्वीं या कळा म्हणजे काय, तें पाहणें अवश्य आहे.

गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. एरव्हीं तिचें वजन पन्नास ते सत्तर ग्रॅम भरतें. दिवस भरण्याच्या वेळीं तेंच एक किलोच्या घरांत जातें. कोणताही स्नायु आकुंचन पावतो व सैल होतो, तसाच हाही. लंडन येथील गाइज् रुग्णालयांत प्रसूतिवैद्य असलेले जॉन ब्रॅक्स्टन हिक्स (१८२३–१८९७) यांनीं सन १८७२ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. गर्भाशय केवळ प्रसूतीच्या वेळींच नव्हे, तर गर्भारपणाच्या सबंध काळांत अधूनमधून आकुंचन पावत असतो, असें त्यांत त्यांनीं दाखवून दिलें, आणि ही गोष्ट गर्भ असल्याची एक खूण म्हणूनही उपयोगी पडेल असें प्रतिपादन केलें. तेव्हांपासून या आकुंचनांस त्यांचें नांव मिळालें. पुढें सन १९५० नंतरच्या काळांत दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे देशाच्या माँटेव्हिडिओ शहरीं काल्देय्रो-बार्सिया व अल्वारेझ या संशोधकांनीं गर्भाशयांतील दाब प्रत्यक्ष मोजला. प्रसूतीच्या कळांचा जोर आजही 'माँटेव्हिडिओ एकक' या मापानें सांगतात, तें त्याच कामामुळें.

गर्भारपणांत गर्भाशयाच्या स्नायुपेशी एकमेकींपासून काहींशा अलग वागतात. शरीरांतील प्रोजेस्टेरॉन नांवाचें द्रव्य त्यांस शांत ठेवतें. म्हणून एखादा भाग आकुंचन पावला तरी सगळा गर्भाशय एकजुटीनें जोर करीत नाहीं, आणि त्याचें मुख उघडत नाहीं. दिवस भरत आले म्हणजे या पेशींमध्यें परस्परांस जोडणारे मार्ग वाढतात, ऑक्सिटोसिन या द्रव्यास त्या अधिक दाद देऊं लागतात, आणि मग सर्व पेशी एका हांकेनें काम करतात. गर्भाशयाचें मुख पातळ होऊन उघडूं लागणें, हीच खऱ्या प्रसूतीची खूण होय. पहिल्या प्रकारच्या कळांस खोट्या म्हणणें आम्हांस आतां रुचत नाहीं. त्या घडतात, त्या जाणवतात. मग त्या खोट्या कशा? त्यांस सरावाच्या कळा म्हणावें, हें बरें.

आतां बायकाबायकांचे अनुभव इतके निरनिराळे कां, हा मुख्य प्रश्न. हीं आकुंचनें गर्भारपणाच्या पहिल्या कांहीं आठवड्यांपासूनच होऊं लागतात, परंतु त्या वेळीं तीं कोणास जाणवत नाहींत. बहुतेकींना तीं चौथ्या-पांचव्या महिन्यानंतर, आणि विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत कळूं लागतात. पहिलटकरणीस त्यांची ओळख नसते. पोट ताणलें गेलें, वात धरला, बाळ वळलें, असे अर्थ ती लावते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ओळख पटलेली असल्यामुळें तींच आकुंचनें लवकर ध्यानांत येतात. थोरल्या सुनेस पहिल्या खेपेस कांहीं न जाणवतां दुसऱ्या खेपेस पांचव्या महिन्यापासून जाणवूं लागलें, यांत म्हणून आश्चर्य नाहीं.

परिस्थितीचाही वांटा मोठा आहे. पोटांत पाणी कमी गेलें, मूत्राशय भरलेला राहिला, दिवसभर उभ्यानें काम झालें, जिने चढणें-उतरणें फार घडलें, बाळानें जोरानें हालचाल केली, किंवा पतिसमागम झाला, तर हीं आकुंचनें वाढतात. आमच्या सूनबाईच्या बाबतींत निर्जळी उपवास हें निमित्त झालें. मनाचें लक्ष कोठें आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असतें. कामाच्या धांदलींत जें ध्यानांतही येत नाहीं, तेंच रात्रीं अंथरुणाला पाठ टेकली म्हणजे ठळकपणें जाणवतें. सासूबाईंना आम्हीं मागाहून हें समजावून सांगितलें, तेव्हां त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "पहाटे चारपासून रात्रीं दहापर्यंत पोटावर हात ठेवून बघायला सवड होती कोणाला?" त्यांस आकुंचनें होत नव्हतीं असें नाहीं, त्यांस तीं पाहण्यास फुरसत नव्हती.

शिवाय एकच गोष्ट सांगण्याचे शब्दही निराळे असतात. एक म्हणते पोट गच्च झालें. दुसरी म्हणते ओटीपोटांत ओढ लागली. तिसरी म्हणते पाळीच्या वेळीं दुखतें तसें दुखलें. एकीस मुळींच दुखत नाहीं, दुसरीस चालतां चालतां थांबावें लागतें. या सर्वजणी प्रामाणिकपणें बोलत असतात. म्हणून दुखण्याची तीव्रता ही खऱ्याखोट्याची कसोटी होऊं शकत नाहीं. खऱ्या कळांचेंही तसेंच आहे. कोणाच्या त्या पाठींतून सुरू होऊन पुढें येतात, कोणास आरंभीं केवळ पोट बिघडल्यासारखें वाटतें.

मग कसोटी कोणती? ती क्रमांत आहे. सरावाच्या कळांना ताल नसतो. एक आतां येते, दुसरी वीस मिनिटांनीं, तिसरी पांच मिनिटांनीं, आणि मग तासभर कांहींच नाहीं. त्यांचा जोर वाढत जात नाहीं. लघवी करून यावें, एकदोन पेले पाणी प्यावें, बसलेलें असल्यास थोडें चालावें, चालत असल्यास डाव्या कुशीवर पडावें. इतक्यानें त्या बहुधा विरतात. खऱ्या कळा घड्याळाला बांधल्यासारख्या येतात. दोन कळांमधील अंतर कमी होत जातें, प्रत्येक कळ अधिक वेळ टिकते, तिचा जोर वाढतो, आणि कूस बदलून अथवा पाणी पिऊन त्या थांबत नाहींत. म्हणून अशा वेळीं सर्वांत उपयोगाची वस्तु म्हणजे घड्याळ व एक कागद. एका कळेच्या आरंभापासून दुसरीच्या आरंभापर्यंत किती मिनिटें गेलीं आणि प्रत्येक कळ किती वेळ टिकली, तें लिहून ठेवावें. हें काम नवऱ्याचें आहे. त्यास त्यामुळें हाताला उद्योगही मिळतो.

सदतीस आठवडे पुरे झाल्यावर, पहिलटकरणीस पांच-पांच मिनिटांनीं, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या म्हणजे रुग्णालयांत जावें, असें सामान्यतः सांगतात. पूर्वीं बाळंतपण झालेलें असेल, किंवा रुग्णालय दूर असेल, तर इतकें थांबूं नये. परंतु सदतीस आठवड्यांच्या आंत हा हिशेब चालत नाहीं. त्या काळांत पाणी पिऊन व विश्रांति घेऊनही तासांत चारांहून अधिक वेळां पोट घट्ट होऊं लागलें, तर दुखो वा न दुखो, त्याच वेळीं डॉक्टरांस कळवावें. अंगावरून रक्त जाणें, पाणमोट फुटून पाणी वाहूं लागणें, कंबरेंत सारखी ओढ लागणें, अथवा बाळाची हालचाल मंदावणें, यांपैकीं एक जरी गोष्ट घडली तरी कळा मोजीत बसूं नये. जुळें असेल, गर्भजल वाजवीपेक्षां जास्त असेल, किंवा पूर्वीं दिवसांआधीं बाळंतपण झालें असेल, तर अधिकच जपावें.

आतां राहिलेली गोष्ट सांगतों. त्याच वर्षींच्या पितृपंधरवड्यांत अष्टमीस आमच्या घरीं श्राद्ध होतें. सूनबाईला तेहतीस आठवडे पुरे होऊन वर चार दिवस झाले होते. स्वयंपाकघरांत वड्यांची व खिरीची गडबड चालली होती. तिला आम्हीं बसल्या बसल्या द्रोण पुसून ठेवण्याचें काम दिलें होतें. सासूबाई तेथेंच पाटावर माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचा त्रयोदशाक्षरी जप. एक माळ व्हावयास सहा-सात मिनिटें लागतात. थोड्या वेळानें त्यांनीं आम्हांस हांक मारली आणि हळूच म्हणाल्या, "माझा मेरुमणि आला कीं हिचा हात थांबतो. चार माळा झाल्या, चारही वेळां थांबला. हें कांहीं बरें नाहीं."

आम्हीं जवळ जाऊन विचारलें. सूनबाई खालीं मान घालून म्हणाली, "सकाळपासून होतंय. पण तें खोटंच असणार, म्हणून बोललें नाहीं. पुन्हां सगळे हसतील असं वाटलं." आम्हांस त्या क्षणीं गौरीच्या दिवशींचें आमचें वाक्य आठवलें. दुखणें अंगावर काढणारी सून आम्हांस पाहिजे होती; ती आम्हांस मिळाली होती.

पानें वाढावयाचीं राहिलीं. चिरंजीव तिला घेऊन गेले. गर्भाशयाचें मुख उघडूं लागलें होतें. कळा कांहीं काळ लांबविण्याचें औषध तिला देण्यांत आलें, आणि बाळाचीं फुफ्फुसें लवकर परिपक्व व्हावीं म्हणून स्टेरॉइडचीं इंजेक्शनें सुरू झालीं. या उपायाचें मूळ न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें लिगिन्स व हॉवी यांनीं सन १९७२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. हिक्स यांच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनीं. चौतीस आठवड्यांच्या आंत प्रसूति होण्याचा संभव असेल तेव्हां हा उपाय करतात. परंतु त्याचा पुरा गुण येण्यास प्रसूतीपूर्वीं सुमारें एक दिवस तरी हातीं असावा लागतो. तो दिवस आम्हांस मिळाला. दोन दिवसांनीं मुलगी झाली. वजन एक किलो नऊशें ग्रॅम. अठरा दिवस ती नवजात बालकांच्या कक्षांत राहिली. आज ती घरभर धांवते आणि पणजीची माळ पळविते. सासूबाई माळा मोजीत तेथें बसल्या नसत्या, किंवा सूनबाई श्राद्ध आटोपेपर्यंत गप्प राहिली असती, तर तो एक दिवस हातीं राहिला असता असें आम्हांस खात्रीनें म्हणवत नाहीं.

ज्यांस आपल्या काळीं कांहींच जाणवलें नव्हतें त्याच सासूबाईंनीं हें ओळखलें, याचें मर्म आम्हांस मागाहून उमगलें. त्यांनीं स्वतःचा अनुभव त्या घटकेपुरता बाजूस ठेवला आणि समोरच्या मुलीकडे पाहिलें. आम्हीं गौरीच्या दिवशीं नेमकें उलट केलें होतें. एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ हा, कीं तेथें अनुभवाची उणीव नसते. परंतु एका स्त्रीचा अनुभव दुसरीच्या पोटास माप म्हणून लावला, तर तोच लाभ जाच होतो. इतकेंच काय, एकाच स्त्रीचीं दोन गर्भारपणें सारखीं नसतात. "मला असें झालें" हें सांगावें. "म्हणून तुलाही तसेंच होईल" हें सांगूं नये.

रुग्णालयांत जाऊन रिकामें परत यावें लागणें यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. पोटावर बांधलेला पट्टा कळांचें अंतर दाखवितो. परंतु मुख उघडतें आहे कीं नाहीं, हें तपासल्यावांचून कळत नाहीं. जी गोष्ट डॉक्टरीणबाईंस तपासणीवांचून सांगतां येत नाहीं, ती पहिलटकरणीनें घरच्या घरीं अचूक ओळखावी, अशी अपेक्षा कोणत्या न्यायानें करावयाची? दहा वेळां जाऊन दहा वेळां परत आलें तरी हरकत नाहीं; अकराव्या वेळीं न जाण्यांत धोका आहे.

आपल्या पूर्वजांनींही यांत तयारीलाच महत्त्व दिलें होतें. प्रसूतीच्या कळांस आयुर्वेदांत 'आवी' अशी निराळी संज्ञा आहे. आणि नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार सिद्ध करून ठेवावें, असें चरकसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. आनंदीबाई जोशी यांनीं सन १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी घेतली, तेव्हां प्राचीन आर्यांचें प्रसूतिशास्त्र हाच आपल्या प्रबंधाचा विषय निवडला होता. सूतिकागाराची जागा आतां रुग्णालयानें घेतली. तयारी मात्र घरीं करावयाची ती राहिलीच आहे. सातवा महिना लागतांच डॉक्टरांचा व रुग्णालयाचा दूरध्वनि क्रमांक स्वयंपाकघरांत दिसेल असा लिहून ठेवावा. तपासणीचे कागद, दोन लुगडीं किंवा गाऊन, बाळाचे कपडे अशी पिशवी भरून ठेवावी. रात्रीं-अपरात्रीं वाहन कोणाचें, बरोबर कोण जाणार, घरीं मागें कोण राहणार, हें आधींच ठरवावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हें घरांतील मुलांनाही माहीत असावें. आणि उपवास, सणवार, श्राद्धपक्ष यांपैकीं कशासाठींही गर्भिणीचें पाणी, जेवण व विश्रांति चुकवूं नये. शास्त्र याच्या आड येत नाहीं. आड येतो तो आपला संकोच.

यंदाच्या गौरीजेवणास घरांत पुन्हां एक गर्भिणी होती. आमच्या पुतण्याची बायको. जेवतां जेवतां तिनें एकदम पोटावर हात ठेवला, तेव्हां पंक्तींतील तिघींनीं एकदम घड्याळाकडे पाहिलें. कोणी हसलें नाहीं. तिनें पेलाभर पाणी प्यालें, थोडी आडवी झाली, आणि अर्ध्या तासांत उठून पुन्हां पुरणपोळी मागितली. त्या कळा सरावाच्याच होत्या. तिनें त्या आम्हांस निःसंकोचपणें सांगितल्या, आम्हांस एवढेंच पुरे आहे.